विचारून दिलेलं पाणी

चंद्रीची धार निम्मी झाली होती, तेव्हा नामदेवरावांना म्हैस दूर सरकल्यासारखी वाटली. धार काढताना ते कपाळ तिच्या कुशीला टेकवून बसत. आज कूस जागेवर राहीना. गुडघ्यांत धरलेली चरवी कलली, दूध मांडीवर आलं आणि ते बसल्या जागी मागं, शेणाच्या नालीत पडले.

चंद्री हलली नाही. मान वळवून तिनं एकदा बघितलं आणि पुन्हा पेंडीत तोंड घातलं.

समोरच्या चहाच्या हॉटेलातून खाजा पळत आला. सकाळचं पहिलं दूध त्याचं असायचं. त्यानं काखेत हात घालून नामदेवरावांना उठवून बसवलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. जीभ टाळूला चिकटली होती आणि ते काहीतरी पुटपुटत होते. मुलगा, शिवराज, आला तेव्हा खाजा त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "चची को आवाज देरे थे भाई. 'पानी ला' बोलके. मैं तो डर गया."

नामदेवरावांच्या बायकोला, भामाबाईंना, जाऊन दिवाळीला वर्ष होणार होतं.

बेगम बाजारच्या मागच्या त्या गल्लीत एके काळी ओळीनं गोठे होते. नामदेवरावांच्या वडलांनी भालकीकडून म्हशी हाकत आणून इथं बांधल्या, त्याही आधीपासूनचे. आता राहिला होता हा एकच. दोन्ही बाजूंना मसाल्याची आणि प्लास्टिकची गोदामं उठली होती. दावणीला चार म्हशी, वर पत्रा, कडेला पाण्याचा हौद. मुसी नदीकाठचं गवत टेम्पोनं यायचं. शिवराज वीज खात्यात नोकरीला लागल्यावर घर दोन गल्ल्या पलीकडं, दुसऱ्या मजल्यावर गेलं. म्हशी मात्र जिन्यानं वर नेता येत नव्हत्या, त्या तिथंच राहिल्या, आणि त्यांच्यापाशी नामदेवराव.

पहाटे ते गोठ्यात यायचे ते ऊन चढल्यावरच घरी जायचे. पूर्वी गोठ्यामागं उघडी जागा होती, तिथं भिंतीआड बसता यायचं. मग गोदामवाल्यानं फाटक लावलं, कॅमेरा लावला आणि भिंतीवर देवांच्या फरश्या बसवल्या. सार्वजनिक संडास रस्त्यापलीकडं. गाड्या थांबत नाहीत आणि नामदेवरावांचे गुडघे पळत नाहीत. त्यात रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तिनं लघवी जास्तच व्हायला लागली. थंडीत एकदा धार काढत असतानाच धोतर ओलं झालं. दुधासाठी किटल्या घेऊन बायका समोर उभ्या होत्या. नामदेवरावांनी पाय मारून शेजारची पाण्याची बादली अंगावर पाडून घेतली. "हात् तुझ्या, चंद्रे!" असं म्हशीला ओरडून उठले. बायका हसल्या, खाजा हसला. कुणाला काही कळलं नाही. पण त्या दिवसापासून घरून निघताना ते पाणी पिईनासे झाले. गोठ्यातही पिईनासे झाले. आणि घरी गेल्यावर तहान लागायची म्हणावी, तर ती लागायचीच नाही.

कोठीच्या दवाखान्यात त्यांना सलाईन लावलं. डॉक्टरीण तरणी होती, प्रियदर्शिनी नावाची. तिनं त्यांच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडली. कातडी तंबूसारखी तशीच उभी राहिली.

"म्हशीला बघावं तसं बघायली की ही," नामदेवराव शिवराजला म्हणाले. सलाईन अर्धं आत गेलं होतं, त्यामुळं आवाज परत आला होता.

"अण्णा, गप पडा."

डॉक्टरणीनं विचारलं, लघवीचा रंग कसा होतो? सून उशाशीच उभी होती. नामदेवराव वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघायला लागले. शेवटी म्हणाले, "चहासारखा."

"दूध घातलेल्या का बिनदुधाच्या?"

"बिनदुधाच्या."

सून तोंड फिरवून हसली. डॉक्टरीण हसली नाही. "तहान लागत नाही का, आजोबा?"

"नाही लागत."

"लागणारही नाही. वय झालं की शरीर पाणी मागायचं विसरतं. गरज असते, पण मागत नाही. तुम्ही तहानेची वाट बघत बसलात तर पुन्हा असेच पडाल आणि दरवेळी कुणी उचलायला असेलच असं नाही. थोडं थोडं, दिवसभर. ताक चालेल, आंबील चालेल." मग ती सुनेकडं वळली. "यांनी मागितलं नाही तरी द्यायचं."

रिक्षात शिवराज पुढं बघत म्हणाला, "बास आता. म्हशी विकून टाकू. चेवेळ्ळ गावचा एक माणूस कधीचा मागं लागलाय. अमावास्या झाली की त्याला बोलावतो."

नामदेवराव हातावरची सलाईनची पट्टी नखानं उचकटत बसले. म्हशी गेल्या तर सकाळी उठायचं कशाला, एवढाच प्रश्न त्यांच्या डोक्यात होता.

सून भाग्यलक्ष्मी माहेरची तेलुगू. मराठी लग्नानंतर शिकलेली, बोलताना पाय घसरल्यासारखी मध्येच तेलुगूत जायची. सासऱ्यांना ती मामय्या म्हणायची, पिण्याच्या पाण्याला मंचिनीळ्ळु. मंचि म्हणजे चांगलं. चांगलं पाणी. डॉक्टरणीचा शब्द तिनं मनावर घेतला. फोनमध्ये गजर लावला. गजर वाजला की हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची.

"मामय्या, पाणी देऊ का?"

"नको."

"थोडंसं?"

"नको म्हटलं ना, माय."

ती आत जायची. पुन्हा गजर वाजायचा, पुन्हा तेच. दुपारी साखर-मिठाचं पाणी वाटीत घेऊन आली आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला. नामदेवरावांनी दात घट्ट मिटले. चमच्यातलं पाणी हनुवटीवरून गळ्यावर गेलं.

"चमच्यानं नको," ते म्हणाले.

"डॉक्टर म्हणाली थोडं थोडं."

"चमच्यानं नको, भाग्या. मी काय मरायलो का?"

भामाबाईंच्या तोंडात शेवटचं पाणी त्यांनीच घातलं होतं, चमच्यानं. त्यातलं अर्धं असंच हनुवटीवरून गेलं होतं. सुनेच्या हे ध्यानात आलं. तिनं चमचा पदरात लपवला आणि आत गेली.

रात्रीच्या जेवणाला ती नवऱ्याला म्हणाली, "ऐकतच नाहीत मामय्या."

"तू विचारलंस ना?"

"हजार वेळा विचारलं."

"मग झालं. तू काय करणार?" शिवराज ताटातून मान वर न करता म्हणाला. तो थकलेला होता. पहाटे गोठ्यात, मग ऑफिस, संध्याकाळी पुन्हा गोठ्यात. चंद्री त्याला पान्हा सोडत नव्हती. पहिल्या दिवशी तिनं शेपटीनं तोंडावर मारलं, दुसऱ्या दिवशी चरवीत पाय दिला. ऑफिसच्या पॅन्टला शेण लावून तो घरी यायचा आणि न बोलता बादलीत पॅन्ट बुडवायचा.

"तिला आधी हाक मार," नामदेवराव खाटेवरून सांगायचे.

"काय म्हणून हाक मारू?"

"चंद्री म्हणून. नाव हाय तिचं."

"म्हशीला हाका मारत बसू, अण्णा? नऊला ऑफिस गाठायचं असतं मला."

"मग ती पण तिच्या वेळेनंच सोडणार की. तिला कुठं तुझं ऑफिस ठाव हाय?"

भाग्यलक्ष्मी पदर तोंडाला लावून आत पळाली. शिवराजला हसू आलं, ते त्यानं गिळलं.

एका दुपारी भगवंतराव आले. भालकीकडचेच, अफझलगंजात त्यांचं दोरखंडाचं दुकान होतं, आता पोरं बघतात. टळटळीत ऊन होतं, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. दोन मजले चढून आले ते दारातच भिंतीला हात टेकून उभे राहिले. मानेवर घामाचं मीठ पांढरं होऊन वाळलं होतं.

"या काका, बसा," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "पाणी देऊ का?"

"नको, नको. आत्ताच पिऊन निघालो."

"चहा ठेवू?"

"कशाला उगं तकलीफ."

"बरं," म्हणून ती आत गेली आणि मिरच्या निवडायला बसली.

दोघे म्हातारे बोलत बसले. भगवंतरावांनी टोमणा मारला, "काय रे नाम्या, लोळण घ्यायला दुसरी जागा नव्हती? डायरेक नालीत?"

"तू दोऱ्या इकून म्हातारा झालास. तुला काय ठाव धार काढणं."

"दोरी माणसाला लाथ मारत नाही बाबा."

पण बोलता बोलता भगवंतराव सारखे स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. गावच्या कुणाच्या जमिनीची गोष्ट सांगायला लागले आणि मध्येच शब्द जिभेवर अडकला. खाकरले. पुन्हा दाराकडं बघितलं. गोष्ट अर्धीच टाकून म्हणाले, "चल, जातो. ऊन उतरल्यावर येईन कधीतरी."

ते गेल्यावर नामदेवराव गॅलरीत आले. खाली वॉचमनच्या खोलीबाहेर माठ होता. भगवंतराव त्या माठापाशी वाकले होते. एक गिलास प्यायले, दुसरा प्यायले. तिसरा डोक्यावर ओतला आणि ओला रुमाल मानेवर टाकून चालते झाले.

नामदेवरावांचे कान तापले. ते भिंतीला धरत स्वयंपाकघराच्या दारात आले.

"भाग्या, आपल्या घरातनं माणूस तहानलेला गेला."

तिनं वर बघितलं. "कोण? काका? मी विचारलं की मामय्या. नको म्हणाले."

"पाण्याला विचारतात का कधी? विचारलं की माणूस नकोच म्हणणार. हो म्हणायला तो काय भिकारी हाय? आणायचं, पुढं ठेवायचं आणि गप उभं राहायचं. मग पितो माणूस."

"पुढं ठेवून पण नको म्हणाले तर?"

"म्हणू दे. पितो."

भाग्यलक्ष्मीनं हातातली मिरची खाली ठेवली. 

"मग मामय्या, तुमचं?"

"माझं काय?"

"मी रोज विचारते. तुम्ही नको म्हणता. ते खरं नको, का काकांसारखं नको?"

 नामदेवरावांनी कधी हा विचार केला नव्हता. पाणी हवं का नको, हे ठरवायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. गावी होते तोवर शेतातून आले की तांब्या, जेवायला बसले की तांब्या, इकडं शहरात आल्यावर गोठ्यातून आले की तांब्या. भामाबाई ठेवायच्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहायच्या. तांब्या उचलल्याशिवाय हलायच्या नाहीत. मग रिकामा तांब्या घेऊन जायच्या. बोलणं असं काही व्हायचंच नाही.

"मला काय ठाव," ते म्हणाले. "मला कुणी कधी विचारलंच नव्हतं."

भाग्यलक्ष्मी उठली. हातांना तिखट लागलं होतं ते धुतलं. माठातलं पाणी तांब्यात घेतलं, बाहेर आली, तांब्या खाटेपाशी ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली.  बोलायची फार इच्छा झाली, तेव्हा ओठ दातांत धरला.

नामदेवराव खाटेवर बसले. तांब्याकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं नाही. मग तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि त्यांच्या गळ्याची गाठ वरखाली व्हायला लागली. थांबले, श्वास घेतला, पुन्हा लावला.

"अय्यो, पूर्ण?" तांब्या उचलताना ती म्हणाली.

"गार होतं," ते म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी धोतराचा सोगा वर घेतला आणि मिशाही त्यानंच पुसल्या.

गजर बंद झाला. ती येता-जाता ठेवत गेली. कधी पाणी, कधी ताक, सकाळी ज्वारीची आंबील. तिच्या माहेरी तिला अंबली म्हणत. "आमचीच हाय ती, तुमच्याकडं कवा गेली?" नामदेवराव म्हणायचे. "आमच्याकडून तुमच्याकडं आली," ती म्हणायची. त्यांच्या ओठांची सालं गेली. डोकं गरगरायचं थांबलं. जिना उतरून चढून बघितला, मध्ये थांबावं लागलं नाही.

"उद्या मी जातो धारंला," एका रात्री त्यांनी सांगून टाकलं.

"अण्णा, तो माणूस येणार आहे बघायला. कशाला आता?"

"येईपर्यंत जातो."

शिवराज बायकोकडं बघायला लागला. "जाऊ दे की," ती म्हणाली. "बाटली देते मी भरून."

सकाळी नामदेवराव बाटली घेऊन गेले. चंद्रीनं लांबूनच हंबरून हाक दिली. त्यांनी तिच्या कासेवरून ओला हात फिरवला, आचळांत दूध उतरलेलं हाताला लागलं आणि चरवीत फेस वर आला. खाजानं मापाचं भांडं पुढं करत म्हटलं, "चचा, आप नहीं थे तो चाय में भी मजा नहीं था." सगळं पूर्वीसारखं झालं. फक्त बाटली जशी नेली होती तशी, गळ्यापर्यंत भरलेली, परत आली.

भाग्यलक्ष्मीनं ती हातात घेऊन हलवून बघितली. "विचारलं पण नव्हतं मी! पुढं ठेवायचं म्हणालात, ठेवलं. मग?"

नामदेवराव पायांवर पाणी घेत राहिले. हे काही सुनेला सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही बाटली भरलेली आली. शिवराजनं ती ताटाशेजारी ठेवलेली बघितली. "हे असंय," तो म्हणाला. "मी कुणाच्या भरवशावर पाठवू? परत पडलात म्हणजे?" नामदेवरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीत नुसताच फिरवत राहिले.

जेवण झाल्यावर ते गॅलरीत जाऊन बसले. खाली फळवाल्याचा गाडा जात होता. थोड्या वेळानं शिवराज आला आणि शेजारी, खालीच फरशीवर बसला. 

"अण्णा, मी धारेला जात होतो ना."

"हं."

"एकदा अर्ध्या धारेत मला जोरात लागली. पळत रस्ता ओलांडला. त्या संडासाला कुलूप. परत आलो. मग तसाच ऑफिसला गेलो. तोवर जीव डोळ्यांत आला होता."

नामदेवराव खाली बघत होते.

"मी चाळिशीतला माणूस. तुम्ही कुठं जात होता?"

"जात नव्हतो."

"म्हणजे?"

"जायची पाळीच येऊ देत नव्हतो."

शिवराज हे डोक्यात बसवत राहिला. बाटली, पांढरे ओठ, चहासारखा रंग. त्यानं तोंडावरून हात फिरवला. "सांगायचं तरी, अण्णा."

"काय सांगायचं? बाप धोतरात मुततो म्हणून?" नामदेवराव म्हणाले आणि त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. "बादली पाडून घेतली अंगावर. चंद्रीवर आळ घातला. ती बिचारी बघत राहिली माझ्याकडं."

शिवराज आधी हसला नाही. मग तोही हसला. हसता हसता त्यानं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला.

रविवारी चेवेळ्ळचा माणूस आला. पांढरा शर्ट, काखेत छत्री. त्यानं म्हशींच्या पाठीवरून हात फिरवला, चंद्रीचे दात बघितले, कास चाचपली. मग त्याचं लक्ष हौदापलीकडच्या कोपऱ्यात गेलं. तिथं विटांचा ढीग होता, वाळू होती. गवंडी ओळंबा लावून बघत होता आणि शिवराज लुंगी वर खोचून घमेलं उचलत होता.

"भैंसां बेचने के थे ना?" त्यानं विचारलं.

"थे," शिवराज म्हणाला. "अब नहीं."

"तो ये क्या बनारे?"

शिवराजनं घमेलं खाली ठेवलं. "संडास."

"भैंसां के वास्ते?"

खाजा हॉटेलच्या दारात उभा राहून ऐकत होता, तो पोट धरून खाली बसला. चेवेळ्ळच्या माणसाला त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. तरी दोन हेलपाटे नकोत म्हणून त्यानं विचारून घेतलं, पुढल्या वर्षी तरी विकणार का?

"हे त्यांना विचारा," शिवराज बापाकडं बोट दाखवत म्हणाला.

नामदेवराव कामात होते. नव्या भिंतीला पाणी मारत होते. गवंड्यानं सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ पाणी पाजायचं, कोरडी ठेवली तर भिंत आत धरत नाही. ते डबा हौदात बुडवत, त्यातलं पाणी ओंजळीनं विटांवर शिंपडत आणि विटा सूं सूं करत पाणी ओढून घेत. त्यांनी चेवेळ्ळच्या माणसाकडं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

भिंती वाळल्या. पत्र्याचं दार बसलं. धरायला म्हणून शिवराजनं आत एक लोखंडी कडी ठोकून घेतली.

सकाळी चंद्रीची धार काढून झाली आणि दावणीतल्या दुसऱ्या म्हशीची, रंभाची, निम्मी. बायका किटल्या घेऊन उभ्या होत्या. नामदेवराव बाटलीतून घोट घेत होते, घोट घेत होते, आणि मग त्यांनी चरवी बाजूला ठेवली, गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि कोपऱ्यात जाऊन पत्र्याचं दार लावून घेतलं. रंभा अर्धवट सोडलेल्या कासेनं हंबरायला लागली. किटल्या वाजायला लागल्या. खाजा हॉटेलातून ओरडला, "चचा! दूध! गिऱ्हाक खडे हैं!"

"थांबा की जरा!" आतून आवाज आला. चांगला खणखणीत. आणि त्या आवाजाला अजिबात घाई नव्हती.